प्रयोग कुणावर, वही कुणाच्या हातात?

हा अंक विज्ञानावर काढायचा ठरला तेव्हा काही दोस्त उखडले. म्हणाले, गावोगाव आपल्या माणसांची डोकी फुटताहेत, गटारात उतरलेली पोरं गुदमरून मरताहेत, आणि तुम्ही परीक्षानळ्या कसल्या दाखवता? विज्ञान हा त्यांचा मामला. पांढऱ्या कोटवाल्यांचा. आपला मामला रस्त्यावरचा.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या दिवशी आपण म्हणू की विज्ञान त्यांचं, त्या दिवशी आपण आणखी एक तळं त्यांच्या नावावर करून दिलं म्हणून समजा.

आठवा महाड. २० मार्च १९२७. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर तळं बाटलं म्हणून गावातल्या शहाण्यांनी काय केलं? १०८ घागरी पाणी उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, मंत्र म्हटले आणि ते परत तळ्यात ओतलं. झालं पाणी शुद्ध! आता मला सांगा, त्या पाण्यात आधी नेमकं काय बिघडलं होतं? कुणी तपासलं? कशानं मोजलं? जनावर त्या तळ्यावर पाणी पीत होतं, तेव्हा ते बाटत नव्हतं. शेण कालवल्यावर स्वच्छ झालं. म्हणजे दावा मोठा आणि पुरावा शून्य. पुढं कोर्टात 'अनादी काळापासूनची वहिवाट' सांगायला उभे राहिले, तिथंही ती सिद्ध करता आली नाही. १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं गेली एका ओंजळीला.

जात ही या देशातली सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी आणि कधीच तपासू न दिलेली गोष्ट आहे. तिला पुरावा विचारला की ती शास्त्र दाखवते. शास्त्राला पुरावा विचारला की ती काठी दाखवते. प्रयोग याच्या बरोब्बर उलटा. प्रयोग म्हणजे असा प्रश्न की ज्याचं उत्तर आपल्याला न आवडणारं निघालं तरी झाकता येत नाही. म्हणून प्रयोग हे आपलं हत्यार आहे. ते टाकून द्यायचं नाही.

पण दोस्तांनो, ज्यांनी हरकत घेतली त्यांच्या बोलण्यातही खरं आहेच. हत्यार कुणाच्या हातात आहे हे बघितल्याशिवाय हत्याराची आरती ओवाळणारा माणूस मूर्ख. शाळेत आपल्याला शिकवलं की विज्ञान निःपक्षपाती असतं. माणूस टेबलावर असतो आणि वही दुसऱ्याच्या हातात असते, हे शिकवलं नाही. ते अलाबामातल्या काळ्या शेतकऱ्यांकडून शिकावं लागतं.

अमेरिकेतलं अलाबामा राज्य, तिथला मेकन जिल्हा. कापसाचा मुलूख. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण जमीन गोऱ्या मालकाची आणि घाम काळ्या कुळाचा, ही वाटणी तशीच होती. १९३२ साली अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याची माणसं तिथं आली. टस्कीगी नावाच्या काळ्यांच्या नामवंत संस्थेच्या आवारात दवाखाना थाटला. ६०० काळे पुरुष निवडले. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे आपल्याकडं ज्याला गरमी म्हणतात तो रोग. उरलेले २०१ रोग नसलेले, तुलनेसाठी.

त्या माणसांना रोगाचं नाव सांगितलं नाही. 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. तपासणीच्या दिवशी गाडीतून नेणं-आणणं, गरम जेवण, आणि मेल्यावर पुरायला ५० डॉलर. या पुरण्याच्या पैशांसाठी एकच अट, आधी प्रेत चिरू द्यायचं. गरिबाला मरणानंतरच्या इज्जतीची किती काळजी असते हे त्या डॉक्टरांना नीट ठाऊक होतं. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं होतं, त्यात रोगाची खूण बघायची होती. ते दुखतं, म्हणून माणसं येणार नाहीत. मग पत्र धाडलं : खास मोफत उपचार मिळणार आहे, संधी सोडू नका! उपचार कसला, नुसतं पाणी काढून घेतलं.

कशासाठी हे सगळं? तर उपचार न करता सोडलेला सिफिलिस काळ्या माणसाच्या देहात मरेपर्यंत काय काय करतो, हे बघायला. नॉर्वेत ऑस्लोला गोऱ्या रोग्यांच्या जुन्या कागदपत्रांवरून असा अभ्यास आधी झालेला होता. त्यावर यांचं डोकं असं चाललं की काळ्याचं शरीर वेगळं, त्याचा रोगही वेगळ्या वाटेनं जात असणार. म्हणजे उत्तर आधीच खिशात. वंश हा पुरावा न लागणारा धर्म, आणि त्याच्यावर प्रयोगाचं कातडं चढवलेलं. आपल्याला ही युक्ती ओळखीची वाटली पाहिजे.

सहा-आठ महिन्यांसाठी सुरू झालेलं हे काम ४० वर्षं चाललं. १९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन हा या रोगावरचा रूढ उपचार झाला होता. त्याच १९४७ साली न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला आणि जगाला दहा कलमांची संहिता मिळाली. पहिलंच कलम : माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग नाही. खटला चालवणारी अमेरिकाच. आणि तीच अमेरिका मेकन जिल्ह्यात आपल्या नागरिकांना पेनिसिलिन मिळू नये म्हणून खबरदारी घेत होती. लष्करभरतीत रोग सापडलेल्यांना उपचार घ्यावाच लागे, तर या माणसांची नावं कळवून त्यांना त्यातून वगळलं. दुसऱ्याचा नाझी दिसतो, घरातला दिसत नाही.

पीटर बक्स्टन नावाचा एक तरुण, आरोग्य खात्याचाच नोकर, सॅन फ्रान्सिस्कोत गुप्तरोग्यांच्या मुलाखती घ्यायचं काम करणारा. त्याला हे कळलं. १९६६ पासून तो वरच्यांना लिहीत होता की हे बंद करा. १९६९ साली शहाण्यांची बैठक बसली आणि ठरलं की चालू ठेवा. शेवटी बक्स्टननं कागद पत्रकारांच्या हाती दिले. जुलै १९७२ मध्ये जीन हेलर या असोसिएटेड प्रेसच्या बाईनं बातमी फोडली, तेव्हा कुठं दुकान बंद झालं. तेव्हा अवघे ७४ रोगी जिवंत होते. बायकांना रोग लागला होता, पोरं रोग घेऊन जन्मली होती. १९७४ साली कोर्टाबाहेर एक कोटी डॉलरची तडजोड झाली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं, क्लिंटननं, माफी मागितली ती १९९७ साली. तोवर आठजण उरले होते.

१९७२. हे साल आपल्याला पाठ आहे. याच साली मुंबईच्या झोपडपट्टीतून दलित पँथर उठली, ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव सांगत. तिकडं काळ्यांच्या देहाची ४० वर्षांची चोरी उघडी पडत होती आणि इकडं आपली पोरं आपल्या देहावरच्या जुन्या हक्काला लाथ मारत होती. दोन्हीकडं प्रश्न एकच : हे शरीर कुणाच्या मालकीचं?

टस्कीगीतून मी तीन धडे घेतो. पहिला : वाईट माणुसकी आणि चांगलं विज्ञान अशी जोडी नसते. त्या ४० वर्षांत हाताला काय लागलं? त्यातल्या कित्येकांनी आधी वा मध्येच थोडाफार उपचार घेतलेला, त्यामुळं 'उपचार न केलेला रोग' हे नावच खोटं. माणसाशी खोटं बोललं की आकडाही खोटं बोलतो. दुसरा धडा जास्त कडू. त्या ६०० जणांना गोळा करणारी, त्यांची नावं जपणारी, त्यांच्या मयतीला जाणारी नर्स युनिस रिव्हर्स काळी होती. संस्था काळ्यांची होती. म्हणजे आपला माणूस आत बसला की काम फत्ते, ही समजूत काढून टाका. राखीव जागा पाहिजे, लढून पाहिजे, पण आत गेलेल्यानं वही कुणासाठी लिहायची हे बाहेरच्या चळवळीनं त्याला सतत विचारलं पाहिजे. तिसरा : चोर आतल्या एका माणसाच्या धाडसानं पकडला गेला, पण कायदा बदलला तो बाहेरच्या बोंबेनं. १९७४ साली अमेरिकेत माणसांवरच्या संशोधनाचा कायदा आला, संमती आणि देखरेख समित्या बंधनकारक झाल्या. आज आपल्या इथल्या हॉस्पिटलातही संमतीचा कागद पुढं येतो, त्याच्या शाईत मेकन जिल्ह्यातल्या माणसांचं रक्त आहे.

अमेरिकेचं सांगून झालं. आता मुंबईत या.

१९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग झाला. टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा, पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. रोग : बायकांच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. हा रोग हळू वाढतो, वेळेत दिसला तर बाई वाचते. तपासणीची रीत साधी. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरचं पाणी लावायचं, मिनिटभर थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. मशीन नको, लॅब नको. दहावी शिकलेल्या बायांना शिकवून त्यांच्याकडून ही तपासणी करून घेतली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ७५ हजार बायांची दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी. आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ७६ हजार बाया कंट्रोल गटात. त्यांना सुरुवातीला रोगाची माहिती दिली, तपासणी नाही. मग दोन्हीकडं किती मेल्या ते मोजलं. २०१३ साली निकाल जाहीर झाला : तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

हे टस्कीगी नव्हे. सगळ्याच गोष्टींना एकाच काठीनं हाणणं म्हणजे विचार नव्हे. इथं रोग लपवला नव्हता, कुणाचा उपचार अडवला नव्हता. डॉक्टर म्हणाले, या देशात कसलीच तपासणी मिळत नाही, त्यामुळं तपासणी न मिळणं हीच इथली नेहमीची स्थिती, आणि तुलना केल्याशिवाय स्वस्त उपाय चालतो हे सरकारला पटणार नाही. यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही ऐका. पॅप चाचणी जगाला १९४० च्या दशकापासून ठाऊक होती. ती उपलब्ध आहे, बाहेर जाऊन करून घेता येते, हे त्या बायांना पुरेसं सांगितलं का? तक्रार झाल्यावर अमेरिकेच्याच देखरेख कचेरीनं ठपका ठेवला की संमतीसाठी लागणारी माहिती पुरेशी दिली नव्हती.

आणि मला खुपतं ते या वाक्यात आहे : 'काहीच न मिळणं ही इथली नेहमीची स्थिती.' कुणाची नेहमीची स्थिती? मलबार हिलवरच्या बाईची नाही. ती तिच्या डॉक्टरिणीकडं जाऊन चाचणी करून येत होती. म्हणजे आधी व्यवस्थेनं आपल्या बायांना काही मिळू दिलं नाही, आणि मग त्या न मिळण्यालाच प्रयोगाची पायरी केलं. डॉक्टर वाईट असायची गरजच पडत नाही. जात आणि गरिबी मिळून कंट्रोल गट आधीच तयार करून ठेवतात.

बरं, धरून चालू की प्रयोग करायलाच हवा होता. झाला. उपाय सापडला. स्वस्त आहे, आपल्यातलीच दहावी झालेली पोरगी करू शकते. मग फळ कुणाच्या पदरात पडलं? २०१६ साली सरकारनं कागदावर ठरवलं की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं, आयुष्यात कधी तरी ही तपासणी झाली का? हो म्हणणाऱ्या १.९ टक्के. शंभरात दोन सुद्धा नाहीत! झोपडपट्टीतल्या दीड लाख बायांनी आपलं अंग देऊन जे ज्ञान मिळवून दिलं, ते त्यांच्याच लेकी-सुनांच्या दारापर्यंत आलं नाही. ही खरी हरामखोरी आहे. प्रयोग संपला की विज्ञान संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा कपाळावर गोंदवून घ्यावा.

म्हणून कुठलाही प्रयोग पुढ्यात आला की मी तीन गोष्टी विचारतो. कुणावर केला? कुणाला काय सांगून केला? निकाल लागल्यावर फळ कुणी खाल्लं? तिन्हींची उत्तरं मिळाली तर सलाम. एकाचं जरी मिळालं नाही तरी बोंब.

आता वही आपल्या हातात आली की काय होतं ते बघा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी सहावी-सातवीतल्या पोरांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात न पुकारता बसवलं, तेव्हा दलित पोरं आणि सवर्ण पोरं सारखीच निघाली. मग दुसऱ्या तुकड्यांत सगळ्यांसमोर पोराचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात मोठ्यानं वाचली. तिथं दलित पोरांची सुटलेली कोडी घटली. कागद तोच, पेन्सिल तीच, डोकं तेच. फक्त हजेरी वेगळी. 'यांच्यात मेरिटच नसतं' म्हणणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाच्या टेबलावर हा निकाल आपटला पाहिजे. मेरिट पोराच्या डोक्यातून जात नाही. ते पुकारा करणाऱ्याच्या तोंडातून चोरलं जातं.

दुसरा प्रयोग. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त आडनावाचा. सवर्ण आडनावाच्या मानानं दलित आडनावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याचं पारडं दोन-तृतीयांशावर आलं, मुसलमान नावाचं एक-तृतीयांशावर. 'आम्ही जात बघत नाही' म्हणणाऱ्या साहेबानं अर्जदाराचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं, आडनाव तेवढं बघितलं होतं. शंभर भाषणांनी जे झालं नसतं ते पोस्टाच्या पाकिटांनी केलं.

आणि ब्लॅक पँथरचं एक काम आपण विसरलोय. बंदूक खांद्यावर घेतलेले फोटो तेवढे आपल्याला माहीत. त्यांनी गरीब वस्त्यांत मोफत दवाखाने काढले आणि १९७१ पासून सिकलसेलची तपासणी दारोदार नेली. बोट टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, माणसाला त्याचा रोग समजावून सांगायचा. काळ्यांचा रोग म्हणून सरकारनं दुर्लक्ष केलेला. पँथरांनी इतकी बोंब केली की १९७२ साली निक्सनला त्यावर कायदा करावा लागला. हा सिकलसेल आपलाही आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी विदर्भातल्या आपल्या माणसांच्या रक्तात तो दाखवला. आजही विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी घरांत पोरं सांधे धरून रडतात आणि कुणीतरी म्हणतं, करणी आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली मोहीम काढली. चांगलं आहे. पण तिचा रोख आदिवासी भागांवर आहे. वस्तीतल्या आपल्या घरांतही हा रोग आहे, हे सांगायला आपणच उभं राहिलं पाहिजे. लग्न जुळवताना पत्रिका बघणाऱ्या आपल्या नवशिक्षितांना मी विचारतो : गुण कसले जुळवताय? रक्त तपासा.

तेव्हा रस्ता की प्रयोगशाळा, हा झगडाच खोटा आहे. रस्त्यावरची बोंब नसती तर टस्कीगी अजून चालू असतं. आणि मोजमाप नसतं तर आपल्या बोंबेला ते 'भावना दुखावल्या' म्हणून फायलीत घालून मोकळे झाले असते.

या अंकाच्या वाचकांना काम सांगतो. बौद्धिक नको, काम. आपापल्या वस्तीत घरटी जा, बाया-पोरींना घेऊन जा, कारण हा प्रश्न पोरांनी विचारायचा नाही. ३० ते ६५ वयाच्या किती बाया, आणि त्यातल्या किती जणींची पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली, एवढंच वहीत लिहा. नाव लिहायचं नाही, ज्यांना सांगायचं नाही त्यांच्यावर जोर करायचा नाही. आधी सांगायचं की हे कशासाठी चाललंय, मगच विचारायचं. आपली वही त्यांच्या वहीपेक्षा वेगळी असली पाहिजे. मग तो आकडा घेऊन वॉर्ड ऑफिसरच्या टेबलावर जाऊ. सरकारचा २०१६ चा ठराव एका हातात, आपली वही दुसऱ्या हातात. तपासणी कधी सुरू करता, तारीख सांगा, असं विचारू. तारीख मिळेपर्यंत उठायचं नाही.

पुढच्या अंकात या वह्यांतले आकडे वस्तीवार छापणार आहोत. ज्या वस्तीची वही येणार नाही, त्या वस्तीचं नाव घालून पुढची जागा कोरी सोडू.

जयभीम!